टँकर उलटल्यानंतरचं वर्ष: रसायन सांडलेल्या गावाने काय काय करावं

घाटात रसायनाचा टँकर उलटला की पहिले दोन दिवस गावात पाय ठेवायला जागा नसते. अग्निशमन दल, पोलीस, तहसीलदार, प्रदूषण नियंत्रण मंडळाची गाडी, वाहिन्यांचे कॅमेरे, सगळे येतात. तिसऱ्या दिवशी क्रेन टँकर उचलून नेते आणि वाहतूक सुरू होते. ओढ्याचं पाणी मात्र अजून फेसाळलेलंच असतं, आणि संध्याकाळी धार काढायला बसलेल्या बाईपुढे प्रश्न असतो की म्हशीला आज पाजायचं काय.

हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या दिवसानंतरच्या कामांसाठी आहे. लोटे, महाड, पाताळगंगा, तारापूर, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या गावांसाठी आणि महामार्गाला लागून असलेल्या प्रत्येक वाडीसाठी. सरपंच, शिक्षक, आशाताई, तरुण मंडळाची मुलं, बचत गटाच्या बाया, ज्यांच्यावर हे काम येऊन पडतं त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. या सगळ्यात दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं सावरता येतं: पाणी आणि कागद. पाणी कुठवर बिघडलं आहे हे कळलं पाहिजे, आणि जे घडलं ते त्याच दिवशी कागदावर उतरलं पाहिजे.

बिछडीच्या विहिरी

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे एच-आम्ल बनवणारे कारखाने आले. हे आम्ल कापडाच्या रंगांसाठी लागतं. कारखाने फार काळ चाललेही नाहीत, पण जाताना जवळजवळ अडीच हजार टन विषारी गाळ मागे ठेवून गेले. तो आवारात आणि आजूबाजूला पसरलेला होता. काही गाळ मातीखाली झाकला गेला, काही इकडेतिकडे टाकला गेला. वर पावसाळे आले आणि विष पाझरत भूजलात उतरलं. साठेक विहिरींचं पाणी गडद, तपकिरी झालं, साडेतीनशे हेक्टर जमीन बाधित झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने पाहणी करून अहवाल दिला, आणि १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला की ज्याने घाण केली त्यानेच ती काढण्याचा आणि लोकांच्या नुकसानीचा खर्च सोसायचा. भारतातल्या पर्यावरणाच्या खटल्यांमध्ये आजही या निकालाचा आधार घेतला जातो. तरीही २०११ साली न्यायालयाला पुन्हा त्या उद्योजकांना व्याजासह पैसे भरायला सांगावं लागलं.

हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण आपल्याकडे सांडलेल्या रसायनावर चार डंपर मुरूम टाकून जागा सपाट करण्याची फार घाई असते. बिछडीत मातीने झाकलेलं विष पहिल्या पावसाबरोबर खाली उतरलं. आपल्याकडे, कोकणात तर विशेषच, पाऊस त्याहून कितीतरी जास्त आहे.

पहिले काही तास: जे चुकलं तर पुढे वर्षभर भोगावं लागतं

सांडलेलं रसायन कोणतं हे कळेपर्यंत जवळ जायचं नाही. पदार्थ माहीत नसेल तर चारही बाजूंनी किमान १०० मीटर मोकळं ठेवायचं. टँकरला आग लागली असेल तर ८०० मीटर. वारा कुठून येतो ते बघायचं आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने, उंचावर जायचं. क्लोरीन आणि स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतात, ते खोलगट जागी, ओढ्याच्या पात्रात, विहिरीच्या तळाशी साचून राहतात. म्हणून 'खाली ओढ्यात लपू' ही सर्वांत वाईट कल्पना.

टँकरच्या मागे आणि बाजूला माहितीचा फलक असतो. त्यावर चार आकडी क्रमांक असतो. दुरून मोबाईलवर झूम करून त्याचा फोटो काढा, हा एक फोटो पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे. १८३० म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया, १११४ बेंझिन, २०५५ स्टायरीन. त्याच फलकावर तातडीचा फोन नंबर असतो. ड्रायव्हरकडे ट्रेम कार्ड असायला हवं. त्या मालावर काय उपाय करायचा, कोणता करायचा नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं. ड्रायव्हर शुद्धीवर असेल तर त्याला मारायला धावणाऱ्या जमावापासून आधी वाचवा. त्या घडीला सांडलेल्या मालाची माहिती असलेला तो एकटाच माणूस तिथे असतो.

फोन ११२ ला, मग १०७७ ला म्हणजे जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला, आणि जवळच्या औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्राला. वाऱ्याची दिशा, फलकावरचा क्रमांक, गळती ओढ्याकडे चालली आहे की नाही, या तीनच गोष्टी सांगा. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने ओढ्याच्या खालच्या अंगाच्या गावांना फोन करायचे: नळयोजनेच्या जॅकवेलचे पंप बंद करा, गुरं पाण्यावर सोडू नका, मासे पकडू नका. हे फोन सरकारी यंत्रणेआधी गेले पाहिजेत, कारण ओढा कार्यालयाची वेळ पाळत नाही.

सांडलेलं काहीही घरी न्यायचं नाही. बादल्या, कॅन घेऊन धावणारी माणसं आपण पाहिलेली आहेत. २०१७ च्या जूनमध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल भरून घेताना भडका उडाला आणि दोनशेच्या वर माणसं जळून मेली.

कुणाच्या अंगावर रसायन उडालं असेल तर कपडे लगेच काढायचे. डोक्यावरून ओढून नाही, कापून काढायचे. बरंचसं रसायन कपड्यांबरोबरच जातं. कोरडी भुकटी असेल तर आधी झटकायची. मग वाहत्या साध्या पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटं धुवायचं, डोळे तितकाच वेळ. लिंबू, सोडा, हळद, तूप काहीही लावायचं नाही. पोटात गेलं असेल तर उलटी करवायची नाही आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दूध पाजायचं नाही. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००-११६-११७ या क्रमांकावर दिवसरात्र डॉक्टरांनाही सल्ला देतं. हा नंबर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आजच लिहून ठेवायला हवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. वाहतूक खोळंबलेली असते आणि सगळे म्हणतात, 'मारा पाणी, धुऊन काढा रस्ता.' कधीकधी वाफा दाबण्यासाठी अग्निशमन दलाला पाणी मारावंच लागतं. पण ते धुवण कुठे जातं हे बघणारं गावाचं कुणीतरी तिथे हवं. गटाराच्या तोंडाशी आणि मोरीपाशी वाळूच्या गोण्यांचा बांध घालून ते अडवलं तर पुढे टँकरने उपसून नेता येतं. ओढ्यात गेलं की ते सगळ्या खोऱ्याचं झालं. बांध घालायचा तो दलाने सुरक्षित म्हटलेल्या जागीच, आणि वाळू किंवा कोरड्या मातीचाच. लाकडाचा भुसा टाकू नका, नायट्रिक आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड असेल तर भुसा पेट घेऊ शकतो. ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर बरगे घालायचे की काढायचे हा निर्णय पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्यालाच घेऊ द्या, पण तो त्याने तासाभरात घेतला पाहिजे म्हणून त्याच्या मागे लागा.

पाणी

पहिल्या संध्याकाळी गावातल्या आणि ओढ्याकाठच्या सगळ्या विहिरी, बोअर आणि हातपंप मोजा. घटनास्थळाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या दोन्ही काठांवर असलेल्या प्रत्येक विहिरीवर तांबड्या रंगाचा पट्टा ओढा आणि तारीख टाका. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलालाही कळलं पाहिजे. हातपंपाचा दांडा काढून ठेवा. शेतीचे पंपही बंद. बोअर चालू ठेवला तर तो आजूबाजूचं दूषित पाणी स्वतःकडे ओढून घेतो, आणि शंभर मीटर दूर राहिलं असतं ते विष आपल्याच बोअरमध्ये येतं.

ग्रामपंचायतीत कुणीतरी हमखास म्हणतं, 'टीसीएल टाकूया.' टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ती जंतू मारते, रसायन काढत नाही. पाण्यात आम्ल उतरलं असेल तर टीसीएल टाकल्यावर क्लोरीन वायू सुटतो. फिनॉल असेल तर क्लोरीनशी मिळून वास आणि चव आणखी बिघडते. तुरटीनेही भागत नाही. उकळून तर नाहीच. जड धातू उकळल्याने जास्त दाट होतात, आणि बेंझिनसारखे उडणारे पदार्थ वाफेवाटे स्वयंपाकघरात पसरतात, तिथे चुलीपाशी उभी असलेली बाई ते श्वासावाटे घेते. घरच्या फिल्टरवर, आरओवर विसंबू नका.

किती थोडं रसायन पुरेसं असतं बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, फिनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. एक ग्रॅम फिनॉल दहा लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेतो. सहा मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत साधारण १ लाख ४० हजार लिटर पाणी असतं. म्हणजे अशा सात विहिरींना एक ग्रॅम पुरतो, आणि टँकरमध्ये असतात वीस-वीस टन.

पर्यायी पाण्याचा हिशेब लगेच मांडून तहसीलदारांकडे लेखी मागणी द्या. आणीबाणीत माणशी दिवसाला निदान १५ लिटर धरतात. बाराशे वस्तीच्या गावाला १८ हजार लिटर. दुभत्या जनावराला साधारण ५० लिटर धरले तर दीडशे जनावरांचे साडेसात हजार. म्हणजे दिवसाला दहा हजार लिटरचे अडीच टँकर, धरून चला तीनच. मागणीत जनावरांचं पाणी विसरलं तर बाया माणसांच्या वाट्यातलंच पाणी गोठ्यात नेतात आणि तान्ह्या पोराचं आंघोळीचं पाणी कमी होतं. येणारा पाण्याचा टँकर यापूर्वी काय वाहून नेत होता हे ड्रायव्हरला विचारायला संकोच करू नका. आतून वास येत असेल तर परत पाठवा.

नमुने: इथेच बहुतेक गावं फसतात

पाण्याचा अहवाल येतो, खाली शिक्का असतो, 'पाणी पिण्यास योग्य'. तो वाचण्याआधी एकच विचारा: तपासलं काय? नेहमीच्या तपासणीत जंतू, पीएच, क्षार, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, लोह हे बघतात. गावातल्या तपासणी पेटीतही तेवढंच आहे. त्यात बेंझिन दिसत नाही, स्टायरीन दिसत नाही, कीटकनाशकाचा कच्चा माल दिसत नाही. जो पदार्थ सांडला त्याचंच नाव अर्जावर लिहून त्याचीच तपासणी मागावी लागते. पहिल्या दिवशीचा तो फलकाचा फोटो इथे उपयोगी पडतो. कारखान्याकडून त्या पदार्थाचं सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्याचे १६ भाग असतात, सहाव्यात सांडल्यावर काय करायचं, बाराव्यात पाणी आणि जीवसृष्टीवरचे परिणाम, तेराव्यात विल्हेवाट.

नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळ घेईल, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही घेईल. त्यांच्याबरोबर गावाचे दोन पंच उभे राहोत आणि त्याच वेळी, त्याच विहिरीचा दुसरा नमुना गावाने एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळा तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मान्यतेच्या प्रयोगशाळेसाठी घ्यावा. उडणाऱ्या रसायनांसाठी काचेची बाटली लागते, ती काठोकाठ भरून आत हवेचा बुडबुडा न ठेवता बंद करायची, नाहीतर पदार्थ त्या हवेत निघून जातो आणि अहवाल स्वच्छ येतो. धातूंसाठी प्लास्टिकची बाटली, त्यात थोडं आम्ल घालतात. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवून घ्या, शीतपेयाची रिकामी बाटली चालत नाही. बर्फाच्या पेटीतून, शक्यतो त्याच दिवशी पोचवा. बाटली कुणी भरली, कुणी नेली, कुणी ताब्यात घेतली, याची सही-वेळेसह साखळी कागदावर ठेवा. ती तुटली तर कोर्टात त्या नमुन्याला किंमत राहत नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी. घटनास्थळाच्या वरच्या अंगाच्या, न बिघडलेल्या विहिरीचाही नमुना घ्या. नाहीतर उद्या म्हणतील, तुमचं पाणी आधीपासूनच असं होतं. आणि खोलीचं भान ठेवा. बेंझिन, डिझेल पाण्यावर तरंगतात. क्लोरोफॉर्म तळाला बसतं. वरून एक बादली काढून घेतलेला नमुना तळाचं काहीच सांगत नाही.

पहिल्या आठवड्याची एक तपासणी पुरत नाही. आपला बेसॉल्टचा खडक भेगांनी भरलेला आहे, जांभा तर चाळणच. रसायन मातीत अडकून बसतं आणि पावसाळ्यात पाणीपातळी वर चढली की पुन्हा विरघळून वाहू लागतं. म्हणून पहिला महिना दर आठवड्याला, मग दर महिन्याला, आणि काहीही झालं तरी पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा, अशी दोन वर्षं. खर्च कुणी करायचा याचा ठराव पहिल्याच ग्रामसभेत करून जिल्हाधिकाऱ्यांना द्या.

माती

दूषित माती खणून काढायची आणि गावाबाहेर पाठवायची, यापेक्षा कमी काही मान्य करू नका. ती काढेपर्यंत जाड ताडपत्रीने झाका आणि भोवती चर खणा, पावसाचं पाणी तिच्यात शिरू नये. आम्लावर चुना टाकण्याचं काम जाणकाराच्या देखरेखीखालीच होऊ द्या. उष्णता सुटते, उकळ्या फुटून आम्ल अंगावर उडतं.

खणलेली माती हा कायद्याने घातक कचरा आहे. ती तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा मान्यताप्राप्त केंद्रांतच जाऊ शकते आणि प्रत्येक गाडीबरोबर मॅनिफेस्ट नावाचा कागद असतो. त्यावर किती टन, कुठून, कुठे हे लिहिलेलं असतं. प्रत्येक मॅनिफेस्टची प्रत ग्रामपंचायतीने मागून फाईलला लावावी. माती 'नेली' म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या ओढ्यात टाकली नाही, हे दाखवणारा तोच एक पुरावा आहे. रात्री टँकर लावून नाल्यात रसायन सोडण्याचे प्रकार आपल्याकडे घडलेले आहेत. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीत असं रसायन सोडलं गेलं आणि काठच्या वस्त्यांमधल्या शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं.

माणसं आणि नोंदवही

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक घराला एक पान. घरात त्या दिवशी कोण होतं, वय, कुणी गरोदर आहे का, घर घटनास्थळापासून किती लांब, वास आला का आणि किती वेळ, डोळे चुरचुरले का, खोकला, उलटी, चक्कर, अंगावर चट्टे, कोणत्या विहिरीचं पाणी प्यायले, कधी थांबवलं, कोणत्या दवाखान्यात गेले, केसपेपर नंबर. आशाताई आणि एक शिकलेला मुलगा अशी जोडी घरोघर गेली तर चार दिवसांत होतं. पानावर त्याच घरातल्या माणसाची सही किंवा अंगठा. पाहुणी आलेली लेक, वीटभट्टीवरचे मजूर, मेंढपाळ, कातकरी वाडीवरची कुटुंबं यांचंही पान हवं. रेशनकार्डावर नाव नसलेला माणूसही तीच हवा श्वासात घेतो.

वहीचा एवढा आग्रह भोपाळमुळे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरभर पसरला. पुढे साडेपाच लाखांहून जास्त लोकांना भरपाई मिळाली, पण आपण त्या रात्री तिथे होतो आणि आपला आजार त्यामुळेच आहे हे कागदाने सिद्ध करण्यासाठी माणसांनी आयुष्यं घालवली. ज्यांच्याकडे पहिल्या दिवसांचे कागद नव्हते त्यांचे हाल जास्त झाले.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना रसायनाचं नाव लेखी द्या, कारण तपासण्या त्यावर ठरतात. कीटकनाशकाच्या वर्गातलं असेल तर रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराची तपासणी, आणि ती लवकर. क्लोरीन, अमोनिया असेल तर फुप्फुसांची क्षमता. बेंझिन असेल तर रक्तपेशींची मोजणी, तीही काही महिन्यांनी पुन्हा. सुरुवातीचे आकडे हाती असले तरच पुढचा बदल कळतो. श्वासाला त्रास देणाऱ्या वायूंमध्ये काही तासांनी, दुसऱ्या दिवशीही फुप्फुसात पाणी भरू शकतं, तेव्हा 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी निघालेल्या माणसावर चोवीस तास लक्ष ठेवा. कारखान्यात काम करणाऱ्यांची वही वेगळी ठेवा, त्यांच्या भरपाईचा कायदा वेगळा आहे.

घरी परतण्याची परवानगी मिळाली की आधी दारं-खिडक्या उघडून घर वाहतं करा आणि बाहेर थांबा. उघडं राहिलेलं अन्न, कापलेली भाजी, परसातला पालेभाजीचा वाफा टाकून द्यायचा. टाकी रिकामी करून घासायची. अंथरुणं, कपडे धुवायचे, पण ओढ्यावर नाही.

आणि झोप. वायुगळतीनंतर कितीतरी दिवस माणसं रात्री दचकून उठतात, वास नसताना वास येतो, मुलं शाळेत जायला रडतात. हे वेड नाही, नाटकही नाही. तालुक्याच्या रुग्णालयातून समुपदेशक मागवा. शाळा लवकर सुरू करणं हा मुलांसाठी मोठा उपचार असतो, पाण्याची खात्री झाली की पहिल्यांदा शाळा उघडा.

गुरं, शेत, खाडी

मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन आणि पंचनामा. पिकाचा पंचनामा कृषी सहायक आणि तलाठी यांच्याकडून, गट नंबर आणि क्षेत्रासह. बाधित शेतातला पेंढा गुरांना घालू नका, दुधात उतरण्याची शक्यता असते.

खाडीकाठच्या भोई आणि कोळी कुटुंबांचं नुकसान सर्वांत सहज बुडतं, कारण त्यांच्याकडे सातबारा नाही आणि पुरावा दोन भरत्यांत वाहून जातो. मासे तरंगताना दिसले की त्याच घडीला फोटो, वेळ, भरती की ओहोटी, कोणते मासे, साधारण किती. पाचसहा ताजे मासे बर्फात घालून ठेवा, उन्हात दोन-तीन तासांत ते तपासणीच्या कामाचे राहत नाहीत. मेलेले मासे खाऊ नका, सुकवू नका, विकू तर मुळीच नका. कालवं, तिसऱ्या, शिंपल्या पाणी गाळून जगतात आणि त्यात काही विषं साठत जातात, त्यांची तपासणी झाल्याशिवाय काढायच्या नाहीत. मच्छीमार सोसायटीची रोजची विक्रीची वही, मागच्या दोन-तीन वर्षांची, आत्ताच जपून ठेवा. नुकसान किती याचा तोच आकडा आहे.

गावात फूट पडते

हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. निम्म्या घरांतली मुलं त्याच वसाहतीत कामाला असतात. ज्याची विहीर गेली तो कंपनी बंद करा म्हणतो, ज्याचा पगार तिथून येतो तो गप्प बसा म्हणतो, आणि महिन्याभरात दोन आळ्या एकमेकांशी बोलेनाशा होतात. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. या कामासाठी गावाची एक समिती करा, तिच्यात दोघांना बसवा, बाया निम्म्या ठेवा कारण पाणी त्या भरतात, कातकरी वाडीचा आणि मच्छीमारांचा माणूस घ्या. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी चावडीवरच्या फळ्यावर तीन ओळी लिहा: आज काय कळलं, कोणती विहीर बंद, उद्या पाणी किती वाजता. काही कळलं नसेल तर तेही लिहा. फळा रिकामा राहिला की मोबाईलवरच्या अफवा तो भरतात.

औद्योगिक वसाहतीच्या पातळीवर स्थानिक आपत्ती गट आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट असावा असं १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांत आहे. त्यांची बैठक मागा, इतिवृत्ताची प्रत मागा.

भरपाई

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी पाकिटं घेऊन येतं. गरज असते, घ्यायला हरकत नाही. पण सही करताना पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: 'तातडीची मदत म्हणून मिळाले, अंतिम भरपाई नाही.' 'माझी काही तक्रार उरलेली नाही' असा छापील कागद असेल तर सही नको.

वाटा तीन आहेत. पहिली, सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१. चूक कुणाची हे सिद्ध न करता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तातडीची मदत मागता येते. घातक मालाची वाहतूकही यात येते. मुदत पाच वर्षं. दुसरी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. माणसं, मालमत्ता आणि निसर्ग या तिन्हींच्या नुकसानीसाठी तिथे मागणी करता येते, तीही पाच वर्षांच्या आत. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीन वायू सुटून बारा माणसं गेली, तेव्हा न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेऊन दुसऱ्याच दिवशी कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला लावले होते. तिसरी वाट म्हणजे फौजदारी गुन्हा, तो पोलिसांत पहिल्या दिवशी नोंदवला गेला आहे ना हे बघा आणि एफआयआरची प्रत घ्या.

वकिलाचे पैसे नसतील म्हणून थांबू नका. औद्योगिक आपत्तीतल्या पीडितांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, अर्ज तालुका न्यायालयातच देता येतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागा. एरवी उत्तराला ३० दिवस असतात, पण जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. अर्जावर तसं स्पष्ट लिहा आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

तांबडा पट्टा कधी पुसायचा

सहा महिन्यांत पाणी स्वच्छ दिसू लागतं, वास जातो, उन्हाळा येतो, टँकर उशिरा येतो, आणि कुणीतरी रात्री गुपचूप त्या विहिरीत घागर सोडतं. त्या बाईला दोष देऊ नका, तिची पायपीट बघा. पण नियम आधीच ठरलेला असला की तिलाही धीर धरता येतो. माझा आग्रह असा: सांडलेल्या पदार्थाचंच नाव असलेले सलग तीन स्वच्छ अहवाल, त्यातला एक पावसाळा ओसरल्यानंतरचा, आणि तिन्ही ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवलेले. त्यानंतर विहीर पूर्ण उपसायची, तिचं पाणी कुठे सोडायचं ते मंडळाकडून लेखी घ्यायचं, गाळ काढून त्याचाही नमुना द्यायचा, विहीर पुन्हा भरू द्यायची आणि भरलेल्या पाण्याची शेवटची तपासणी करायची. ती स्वच्छ आली की ज्याने पट्टा ओढला त्यानेच तो पुसावा आणि शेजारी नवी तारीख टाकावी. वही मात्र बंद करू नका, तिच्यातल्या गरोदर बायांच्या पानांवर मुलांचीही नावं लिहायची आहेत.